दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना: दिव्यांगांनी स्वतः चालवलेल्या लहान संस्थेच्या हिशेबवहीतून

दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला सरकारी अनुदान कुठून मिळेल, असे विचारले की पहिले नाव निघते ते केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाच्या दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेचे. १९९९ मध्ये सुरू झालेली, २००३ पासून दीनदयाळांच्या नावाने ओळखली जाणारी आणि १ एप्रिल २०१८ पासून सुधारित निकषांवर चालणारी ही योजना विशेष शाळा चालवणाऱ्या, शिक्षकवर्ग आणि हजेरीपट हाताशी असलेल्या संस्थेसाठी निःसंशय उपयुक्त आहे. मात्र ज्या संस्थेचे अध्यक्ष, सचिव आणि बहुसंख्य विश्वस्त स्वतः कर्णबधिर किंवा अन्य दिव्यांग आहेत, जिच्याकडे पगारी माणूस जेमतेम एखादा आहे आणि जिचे काम मुख्यतः आपल्या माणसांना हक्क मिळवून देण्याचे आहे, अशा संस्थेला ही योजना फारशी लागू पडत नाही. मी अशाच एका लहान न्यासाचे हिशेब आणि पत्रव्यवहार पाहते; हे परीक्षण त्या खुर्चीवरून लिहिलेले आहे.

योजनेच्या जमेच्या बाजू आधी नोंदवायला हव्यात. मंजूर खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकते, आणि ते पगारांसाठीही मिळते, ही आपल्याकडच्या देणगीदारांची रीत पाहता मोठी गोष्ट आहे; व्हीलचेअर वाटपाला पैसे देणारे दहा जण भेटतात, पण ती दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा पगार द्यायला कोणी पुढे येत नाही. अर्ज आता ई-अनुदान या संकेतस्थळावर भरायचा असतो. आमच्या सचिव ताई कर्णबधिर आहेत आणि त्यांना हा बदल मनापासून आवडला, कारण पडद्यावरचा रकाना कोणाच्याही मध्यस्थीशिवाय वाचता येतो आणि उत्तर लेखीच द्यायचे असते. खिडकीपाशी उभे राहून समोरच्याचे ओठ वाचत ‘उद्या या’ आहे की ‘वर जा’ आहे हे ओळखण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

अडचण पुढे आहे. योजनेत नऊ आदर्श प्रकल्प ठरवून दिलेले आहेत: शाळापूर्व शिक्षण व शीघ्र हस्तक्षेप, विशेष शाळा, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठीचे केंद्र, कुष्ठरोगमुक्तांचे पुनर्वसन, मानसिक आजारातून सावरलेल्यांसाठीचे निवासगृह, घरपोच पुनर्वसन, अल्पदृष्टी केंद्र ही त्यांतली काही नावे. यादी चांगली आहे, पण तिच्यातला दिव्यांग माणूस प्रत्येक ठिकाणी लाभार्थीच आहे. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवायला गेलेल्या कर्णबधिर बाईसोबत दुभाषी पाठवणे, तालुक्याच्या नव्या इमारतीला उतार नाही म्हणून दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागणे, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत आपले मूल बसते का, हे पालकांना समजावून सांगणे ही आमची रोजची कामे आहेत. ती या नऊ चौकटींपैकी एकीतही सरळ बसत नाहीत, आणि ती बसवण्यासाठी नसलेली शाळा कागदावर दाखवणे आम्हाला मान्य नाही.

संस्था कोण चालवते, ही बाब पात्रतेच्या अटींत येतच नाही. संस्था नोंदलेली हवी, ठराविक काळ काम केलेले हवे, हिशेब तपासलेले हवेत, दिव्यांग कायद्याखालचे नोंदणी प्रमाणपत्र आणि दर्पण क्रमांक, म्हणजे स्वयंसेवी संस्थांच्या नीती आयोगाच्या संकेतस्थळावरचा नोंदणी क्रमांक, हवा; पण विश्वस्तांपैकी किती जण दिव्यांग आहेत, यावर पात्रता ठरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीने २०१८ मध्ये आपल्या सातव्या सर्वसाधारण टिप्पणीत दिव्यांगांनी चालवलेल्या संस्था आणि दिव्यांगांसाठी इतरांनी चालवलेल्या संस्था यांच्यात स्पष्ट फरक केला आणि पहिल्या प्रकारच्या संस्थांना निधी मिळण्याची व्यवस्था करणे ही सरकारांची जबाबदारी मानली. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या दिव्यांग हक्क कराराचा हा अर्थ लावला गेला, तो भारताने २००७ मध्येच मान्य केलेला आहे. लंडनमधल्या इन्क्लूजन लंडन या संस्थेने तर मोजमापच ठरवले आहे: व्यवस्थापन मंडळात किमान ७५ टक्के आणि पगारी कर्मचाऱ्यांत किमान ५० टक्के कर्णबधिर वा दिव्यांग व्यक्ती असतील, तरच ती संस्था दिव्यांगांची. अमेरिकेतल्या बॉस्टनहून चालणारा डिसॅबिलिटी राइट्स फंड २००८ पासून विकसनशील देशांतल्या अशाच संस्थांना लहान लहान अनुदाने देतो आणि पैसे कोणाला द्यायचे, हे ठरवण्यात दिव्यांग कार्यकर्त्यांना देणगीदारांच्या बरोबरीने बसवतो. महाराष्ट्रात अशा संस्था नाहीत असेही नाही. कोल्हापूरची हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये स्वतः व्हीलचेअरवर बसून उभी केली. मोजमाप लावायचे ठरवले तर ते लावायला संस्था सापडतील.

एक बारीक पण नेहमी आडवी येणारी गोष्ट म्हणजे परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतला विश्वस्तांची नावे दाखवणारा कागद. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे आपल्या भाषेत ‘चेंज रिपोर्ट’, धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो आणि तो मंजूर झाल्याशिवाय नवी नावे उताऱ्यावर चढत नाहीत. आता ज्या संस्थेने आपला कारभार ऐकू येणाऱ्या जुन्या विश्वस्तांकडून कर्णबधिर तरुणांकडे सोपवला, तिच्या कागदांवर मधल्या काळात जुनेच चेहरे दिसत राहतात, आणि कोणताही निधी मागायचा तर पहिला कागद तोच मागितला जातो. थोडक्यात, जी संस्था सूत्रे दिव्यांगांच्या हाती देते, तिचेच कागद काही काळ अपुरे ठरतात. अनुदान देणाऱ्यांनी चेंज रिपोर्ट दाखल केल्याची पोचपावती आणि सभेचा ठराव एवढ्यावर अर्ज पुढे नेण्याची मुभा दिली, तर कायद्याला कुठेही धक्का लागणार नाही.

दुसरा प्रश्न दुभाष्याच्या मानधनाचा. आमच्या मासिक सभेला सांकेतिक भाषेचा दुभाषी नसेल तर कोषाध्यक्ष काय म्हणतात, हे अध्यक्षांना कळत नाही; म्हणजे तो खर्च आमच्याकडे वीजबिलाइतकाच अटळ आहे. योजनेची अंदाजपत्रके मात्र प्रकल्पातल्या ठराविक पदांवर बेतलेली असल्यामुळे, संस्थेच्या स्वतःच्या कारभारासाठी लागणारा दुभाषी कोणत्या सदरात लिहायचा, याचे उत्तर आमच्या सीएंनाही सापडले नाही. त्यात अनुदान दरवर्षी नव्याने मागायचे, आधीच्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र जोडायचे, आणि हप्ता येईपर्यंत पगार स्वतःच्या गंगाजळीतून भागवायचे. लहान संस्थेला गंगाजळी कुठली? उरलेला दहा टक्के वाटा उभा करतानाच आमच्या नाकी नऊ येतात.

मग लोक कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडे बोट दाखवतात. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत विशेष शिक्षण आणि दिव्यांगांचे रोजगारकौशल्य यांचा उल्लेख आहे, हे खरे. पण १ एप्रिल २०२१ पासून त्यासाठी संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी, प्राप्तिकर सवलतीच्या १२ ए व ८० जी या नोंदण्या आणि कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. एका कंपनीच्या प्रतिनिधीने आमच्या अर्जाची ‘पडताळणी’ फोनवरून करायची असा आग्रह धरला. सचिव कर्णबधिर आहेत, संदेश पाठवा किंवा दुभाष्यासह व्हिडिओ कॉल करा, असे अर्जातच ठळक लिहिलेले असताना त्यांना वारंवार फोन गेले आणि शेवटी ‘संपर्क होऊ शकला नाही’ असा शेरा पडला. आणखी एक गैरसमज सर्रास ऐकू येतो. पाच टक्क्यांची प्रशासकीय खर्चाची मर्यादा नियमांनी कंपनीच्या स्वतःच्या कारभारावर घातली आहे, आणि विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी व देखरेख यांचा थेट खर्च तिच्यातून वगळला आहे. तरीही प्रकल्पासाठी लागणारा दुभाषी अंदाजपत्रकात दिसला की समोरून ‘प्रशासकीय खर्च जास्त आहे’ असे उत्तर येते.

परदेशी निधीचा मार्ग तर लहानांसाठी आणखी अरुंद झाला आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या बदलांनंतर नोंदणीसाठी तीन वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला असावा लागतो, आणि मोठ्या संस्थेने परदेशातून पैसे आणून लहान संस्थेला वाटणे पूर्णपणे बंद झाले आहे. आमच्यासारख्यांना पूर्वी याच वाटेने थोडेफार मिळत असे. सोशल स्टॉक एक्स्चेंजबद्दल, म्हणजे सामाजिक संस्थांना निधी उभारण्यासाठी असलेल्या शेअर बाजाराच्या विभागाबद्दल, कोणी सुचवले तर वर्षाला ५० लाखांच्या खर्चाची अट वाचून तिथेच थांबावे.

या सगळ्यांच्या तुलनेत दीनदयाळ योजनेला मी पाचांपैकी तीन गुण विशेष शाळांच्या बाजूने देईन आणि दिव्यांगांनी चालवलेल्या लहान संस्थांच्या बाजूने एक. तो एक गुणही लेखी, ऑनलाइन अर्जपद्धतीसाठी. नऊ प्रकल्पांना दहावा जोडून दिव्यांग-संचालित संस्थांना वर्षाला दोन-तीन लाख रुपयांचे, तीन वर्षांचे, कारभारासाठीही वापरता येणारे अनुदान द्यायला सुरुवात झाली, तर हे मत बदलेन. तोपर्यंत, तुमच्या संस्थेची शाळा किंवा शीघ्र हस्तक्षेप केंद्र खरोखर चालू असेल तरच या अर्जामागे लागा, आणि लागणारच असाल तर दिव्यांग कायद्याखालच्या नोंदणी प्रमाणपत्राची मुदत आधी तपासा. बाकीचे कागद सीए चार दिवसांत जमवून देतो, ते प्रमाणपत्र मात्र त्याच्या हातात नसते.