स्वतःची डिजिटल गणितं तयार करायची आहेत? आधी उत्तर कसं तपासलं जातं ते बघा

मुलांसाठी स्वतः गणितं तयार करायला बसलं की पहिला प्रश्न असतो, कुठल्या साधनात झटपट होईल? झटपट तर बहुतेक ठिकाणी होतं. फरक कळतो तो मुलाने उत्तर लिहिल्यानंतर. म्हणून एकच गणित हाताशी धरू: क्ष² − ५क्ष + ६ चे अवयव पाडा.

गूगल फॉर्म्समध्ये हे दोन मिनिटांत तयार होतं. पण लघुउत्तर तिथे अक्षराला अक्षर जुळवून तपासलं जातं. तुम्ही (क्ष−२)(क्ष−३) असं उत्तर ठरवलंत आणि मुलाने (क्ष−३)(क्ष−२) लिहिलं, तर गुण शून्य. पर्यायी उत्तरं आधीच नोंदवून ठेवता येतात, पण मुलं किती तऱ्हांनी लिहितील याचा अंदाज कसा बांधणार? बहुपर्यायी प्रश्न केला तर तपासणी बिनचूक होते, मात्र गणितच बदलतं. मूल पर्यायातले कंस गुणून बघतं, अवयव पाडतच नाही. प्रश्नांचा क्रम प्रत्येकासाठी बदलता येतो, आकडे बदलत नाहीत. उत्तर एखादी पूर्ण संख्या असेल आणि चाचणी छोटी असेल, तर मात्र याहून जास्त खटाटोप करू नये.

मूडल (ऑनलाइन अभ्यासक्रम आणि चाचण्या चालवायची प्रणाली) वापरात असेल तर त्यातला 'कॅल्क्युलेटेड' प्रश्न एक पायरी पुढचा आहे. आकड्यांच्या जागी चलं ठेवायची, उत्तराचं सूत्र द्यायचं, किती फरक चालेल ते सांगायचं. व्याज, क्षेत्रफळ, वेग यांसाठी उत्तम. अवयवांसाठी निरुपयोगी, कारण उत्तर संख्याच असावी लागते.

बीजगणितासाठी माझं मत ठामपणे स्टॅक या गणिताची उत्तरं तपासणाऱ्या प्रणालीच्या बाजूने आहे. ख्रिस सँगविन यांनी २००४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात त्याची सुरुवात केली. ते मुक्त स्रोत आहे, मूडलला जोडता येतं आणि त्याच्या पोटात मॅक्सिमा ही बीजगणित करणारी प्रणाली आहे. त्यामुळे ते उत्तराची अक्षरं न जुळवता त्यातलं गणित तपासतं. कंसांची अदलाबदल त्याला अडवत नाही. गुण देण्याआधी 'तुमचं उत्तर मी असं वाचलं' हे मुलाला दाखवतं, म्हणजे टायपिंगच्या चुकीपायी गुण जात नाहीत.

इथे एक मेख आहे. फक्त 'दोन्ही राशी समान आहेत का' एवढीच कसोटी लावलीत, तर मुलाने प्रश्नातलीच राशी, क्ष² − ५क्ष + ६, जशीच्या तशी उतरवली तरी तिला बरोबर म्हटलं जाईल, कारण ती समान आहेच! राशी अवयवरूपात आहे का हे पाहणारी वेगळी कसोटी स्टॅकमध्ये आहे. अशा गणितात तीच लावायची. मग फांद्या जोडायच्या, म्हणजे कोणत्या चुकीला काय सांगायचं ते ठरवायचं. (क्ष+२)(क्ष+३) आलं तर चिन्हाकडे लक्ष वेधायचं. (क्ष−१)(क्ष−६) आलं तर सांगायचं, 'गुणाकार ६ जमला, बेरीज पुन्हा बघ.' चूक कुठे झाली हे मुलाला त्याच क्षणी कळतं. एवढ्यासाठी शिकण्याचे कष्ट घ्यावेत असं मला मनापासून वाटतं.

आकडे बदलते ठेवायचे तर सहगुणक यादृच्छिक घेऊ नका, नाहीतर बऱ्याच राशींचे पूर्णांकी अवयवच पडणार नाहीत. आधी दोन मुळं निवडा आणि राशी त्यांच्यावरून बनवा. दोन्ही मुळं सारखी आली तर पूर्ण वर्ग होतो, एकच संख्या विरुद्ध चिन्हांनी आली (जसं ३ आणि −३) तर मधलं पद गायब होतं. ती गणितं वेगळ्या धड्याची. स्टॅकमध्ये तयार झालेले नमुने बघून नको ते वगळता येतात. अडचण एकच: सर्व्हरवर बसवून देणारं कुणीतरी हवं.

भूमिती असेल तर सरळ जिओजेब्रा हे आकृत्या रचायचं सॉफ्टवेअर. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्ग विद्यापीठातल्या प्रबंधासाठी ते सुरू केलं. लंबदुभाजकाचं गणित देताना लंबदुभाजकाचं तयार साधनच पडद्यावरच्या साधनपट्टीतून काढून टाकता येतं. हाताशी फक्त वर्तुळ आणि रेषा. रचना झाली की टोकाचा बिंदू ओढायचा. खरी रचना टिकते, नजरेच्या अंदाजाने काढलेली लगेच विस्कटते. गुणांची नोंद ठेवायला मात्र ते कमी पडतं.

डेसमॉस या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरचं वर्गासाठीचं साधन २०२२ पासून अँप्लिफाय या कंपनीकडे आहे. अवयवांचं गणित इथे उलटं करून द्या: क्ष-अक्षाला २ आणि ३ वर छेदणाऱ्या परवलयाचं समीकरण लिहा. उत्तरं अगणित, आणि सगळ्यांचे आलेख एकावर एक ठेवून वर्गात बोलता येतं. मुलांची नावं झाकण्याची सोय आहे, त्यामुळे चुकीच्या आलेखावरही मोकळेपणी चर्चा होते. चर्चेसाठी हे घ्या, घरी सरावासाठी नको.

तर रोजचा बीजगणिताचा सराव हवा आणि मूडल सांभाळणारं कुणी असेल, तर स्टॅक. एकटेच असाल तर भूमितीला जिओजेब्रा, वर्गातल्या तासाला डेसमॉस आणि संख्येत उत्तर येणाऱ्या चाचण्यांना फॉर्म्स. स्टॅक निवडलंत तर पहिलं गणित बनवण्याआधी मुलांच्या जुन्या वह्या काढा आणि त्या प्रकारातल्या नेहमीच्या तीन-चार चुका टिपून घ्या. फांद्या तिथूनच मिळतात.