फांडच्या बाटल्या: घरच्या बीअरसाठी कुठल्या ठेवायच्या, कुठल्या परत करायच्या

जर्मनीत घरी बीअर बनवायला सुरुवात केली की माणूस आधी ऑनलाइन होमब्रूच्या दुकानात जातो, आणि तिथे किट, हायड्रोमीटर (बीअरमध्ये साखर किती उरली ते दाखवणारं काचेचं मापक) वगैरे घेताना कार्टमध्ये रिकाम्या बाटल्याही टाकतो. टाकू नका. नव्या कोऱ्या रिकाम्या बाटलीला एक युरोच्या वर पैसे लागतात, वर काचेचं शिपिंग वेगळं, आणि तीच बाटली, किंबहुना त्यापेक्षा जाड, भरलेली आणि थंडगार, तुमच्या घराखालच्या गेट्रेंकेमार्क्टमध्ये, म्हणजे पेयांच्या दुकानात, उभी असते आणि तिच्या काचेचे तुम्ही फक्त आठ किंवा पंधरा सेंट देता, तेही डिपॉझिट म्हणून, म्हणजे परत मिळणारे, त्यालाच इकडे फांड म्हणतात. म्हणून हा रिव्ह्यू बीअरचा नाही, बाटल्यांचा आहे. आतलं काय ते तुम्ही आपापलं प्या आणि ठरवा.

आधी हिशोब सांगते, कारण आपल्या लोकांना तोच आधी लागतो. साध्या, क्राउन कॅपवाल्या (ओपनरने उघडायचं पत्र्याचं झाकण) बीअरच्या बाटलीला फांड ८ सेंट. तारेच्या कडीने बंद होणारी असते ना, ब्यूगल म्हणतात इकडे, तिला १५ सेंट. वीस बाटल्यांच्या क्रेटला स्वतःचे दीड युरो. म्हणजे साध्या बाटल्यांचं पूर्ण क्रेट ३ युरो १० सेंटला पडतं आणि ब्यूगलचं साडेचार युरोला. यात दहा लिटर बीअर मावते. आणि क्रेटचं महत्त्व पहिल्यांदा कळत नाही पण नंतर कळतं, कारण भरलेल्या वीस बाटल्या तळघरात न्यायच्या, अंधारात उभ्या ठेवायच्या, एकावर एक रचायच्या, हे सगळं त्या दीड युरोच्या प्लास्टिकच्या डब्यात होतं. (२५ सेंट फांडवाल्या बाटल्या आणि कॅन एकदाच वापरायचे असतात, ते दुकानातलं बाटल्या परत घेणारं मशीन चिरडून टाकतं, त्यांच्या नादी लागू नका.)

आता आम्ही राहतो एर्लांगनला, म्हणजे फ्रँकोनियात, इथे गावागणिक ब्रुअरी आहे आणि दुकानात एका भिंतीला नुसते क्रेटच क्रेट, त्यामुळे निवड भरपूर. पण नीट बघितलं तर बाटल्यांचे प्रकार चार-पाचच, लेबलं तेवढी शंभर.

सगळ्यात जास्त दिसते ती एनआरडब्ल्यू बाटली, अर्धा लिटर, तपकिरी, मध्यम उंचीची, खांदे गोल. तक्रारीला जागा नाही. हाताच्या दोन दांड्यांच्या कॅपरमध्ये (कॅप दाबून बसवायचं अवजार) मान नीट बसते, ओठाखालची कडा चांगली जाड असल्यामुळे कॅपरला पकड मिळते, आणि एखादी फुटली तर तशीच दुसरी कुठल्याही दुकानात मिळते. नवशिक्यांनी डोळे झाकून हीच घ्यावी. पाचपैकी चार.

माझी आवडती मात्र युरो बाटली. हीसुद्धा अर्ध्या लिटरचीच पण बुटकी आणि गुटगुटीत, म्युनिकची आउगुस्टिनर हेल किंवा टेगर्नझीची हेल ज्यात येते ती. फ्रिजच्या दारात उभी राहते. लाँगनेक, म्हणजे लांब मानेची बाटली, राहत नाही, तिला आडवं करावं लागतं, आणि घरच्या बीअरच्या तळाशी यीस्टचा थर असतो, बाटली आडवी केली की तो उठतो आणि ग्लासात गढूळ पाणी. नवऱ्याला वाटतं मी नुसती दिसण्यावर गेलेय, दिसतेही गोड, पण मुद्दा फ्रिजचा आहे. पाचपैकी पाच.

लाँगनेक, अर्धा लिटर असो की ३३० मिली, काचेला काही दोष नाही पण उंच, हडकुळी, क्रेटमध्ये डुलते आणि धुताना ब्रशला लांब दांडी लागते. ३३० मिलीची एका कामाला चांगली: कडक बीअर केली असेल, आठ-नऊ टक्क्यांची, तर रात्री अर्धा लिटर कोण पिणार, तिथे छोटी बाटली हवीच. तीन तारे.

आता ब्यूगल. लोक तिच्या प्रेमात का पडतात ते समजतं, कॅपर नको, कॅप नको, वायसर बसवला, तार खाली दाबली, झालं काम. उत्तरेकडची फ्लेन्सबर्गर वर्षानुवर्षं ३३० मिलीच्या ब्यूगलमध्येच येते, उघडताना तो जो प्लॉप आवाज येतो त्यावर त्यांची सगळी जाहिरात चालते. आमच्या बाजूला कुल्मबाखची म्योन्शहोफ अर्ध्या लिटरच्या ब्यूगलमध्ये मिळते, क्रेट सहज मिळतं आणि बीअरही बरी असते, म्हणजे रिकामं करायची शिक्षा वाटत नाही. पण ब्यूगलला देखभाल आहे. सगळा खेळ त्या रबरी वायसरचा. वायसर काढून उजेडात बघा, बाटलीच्या ओठाचा गोल खड्डा त्यावर पडलेला दिसला, किंवा दुमडल्यावर बारीक चिरा दिसल्या, की बदला, नवे वायसर किरकोळ किमतीत पाकिटाने मिळतात. दुकानातून आलेल्या बाटलीचा वायसर तिने किती फेऱ्या मारल्या आहेत त्यावर अवलंबून, त्यामुळे मी क्रेट आणलं की सरळ सगळे बदलते, एकेक तपासत बसत नाही. आणि तार. मानेच्या दोन बाजूंना काचेत खळगे असतात त्यात ती अडकलेली असते, जराशी ताणली की निघते, आणि निघते हे फार बरं, कारण त्या खळग्यातच सगळी चिकट घाण साचते आणि नुसतं आतून धुवून ती कधीच जात नाही. तारेला गंज असेल तर ती बाटली परत. पाचपैकी चार, वायसरची कटकट नसती तर पाच.

हिरव्या बाटल्या. नको. दिसायला झकास, हॉलंडच्या ग्रोल्शची कडीवाली हिरवी बाटली तर शोकेसमध्ये ठेवावी अशी, पण हिरवी काच उजेड अडवत नाही म्हटलं तरी चालेल. हॉप्समधला (बीअरला कडू चव देणारी फुलं) कडूपणा आणि उजेड एकत्र आले की बीअरला एक कुजकट उग्र वास येतो, कडक उन्हात काही मिनिटंसुद्धा पुरतात. पारदर्शक काच त्याहून वाईट. मोठ्या कंपन्या हॉप्सचा वेगळा प्रक्रिया केलेला अर्क वापरून यातून वाट काढू शकतात, आपण घरी साध्या हॉप्सच्या गोळ्या टाकतो. तळघरात कायम अंधार असेल तर चालेल, पण मग पाहुणे येतात, बाटली बाल्कनीत टेबलावर जाते, आणि काम तमाम. तपकिरी घ्या.

ड्युवेलसारख्या बेल्जियन बाटल्या आहेत, ३३० मिलीच्या, बुटक्या, हातात घेतल्यावरच वजन कळतं. बेल्जियन बीअरमध्ये वायू जास्त म्हणून काच जाड. गव्हाची बीअर किंवा बेल्जियन पद्धतीची काही करणार असाल आणि फेस भरपूर हवा असेल तर या जमवा, हळूहळू जमतात. सेक्टच्या, म्हणजे जर्मन फेसाळ वाइनच्या, बाटल्याही लोक सुचवतात, मजबूत आहेत हे खरं, पण त्यातल्या बऱ्याचशांना २६ मिलिमीटरची नेहमीची कॅप बसत नाही, २९ ची लागते, म्हणजे कॅपरचं डोकं वेगळं, कॅप वेगळ्या. मी त्या वाटेला जात नाही.

दाबाचं थोडं सांगते कारण बाटली निवडण्यामागे खरं कारण तेच आहे. घरच्या बीअरमध्ये फेस बाटलीतच तयार होतो, भरताना थोडी साखर घालायची, उरलेलं यीस्ट ती खातं आणि वायू आत अडकतो. साधारण पिल्स प्रकारच्या बीअरला लिटरमागे ५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो, त्यातला दीड-पावणेदोन ग्रॅम आंबवतानाच बीअरमध्ये राहिलेला असतो, उरलेला साखरेतून आणायचा, आणि एक ग्रॅम साखरेतून अंदाजे अर्धा ग्रॅम वायू निघतो. म्हणजे अर्ध्या लिटरला सव्वातीन-साडेतीन ग्रॅम साखर. इकडे जे साखरेचे चौकोनी खडे मिळतात ते साधारण तीन ग्रॅमचे, म्हणजे जवळपास तेवढेच असतात, एक खडा एक बाटली, वजनकाटा काढायचीसुद्धा गरज नाही. वीस डिग्रीला त्या बाटलीत साधारण २ बार दाब असतो, म्हणजे गाडीच्या टायरइतका. गव्हाच्या बीअरला लोक लिटरमागे ७ ग्रॅमपर्यंत जातात, तिथे ३ बारच्या वर. फांडच्या बाटल्या यासाठीच बनलेल्या असतात. लोणच्याच्या बरण्या, ज्यूसच्या बाटल्या, आयकियातली सजावटीची कडीवाली बाटली, यात कृपा करून बीअर भरू नका, आणि आंबवणं पूर्ण झाल्याशिवाय, म्हणजे हायड्रोमीटरचा आकडा लागोपाठ तसाच राहिल्याशिवाय, चांगल्या बाटलीतही भरू नका.

भरलेलं क्रेट विकत घ्यावं की नुसतं रिकामं मागावं? दोन्ही होतं. काही दुकानदार फांडचे पैसे घेऊन रिकामं क्रेट देतात, काही अजिबात देत नाहीत. आमच्या जवळच्या एका दुकानात काउंटरवरच्या बाईंनी मला असं बघितलं जणू मी भंगार चोरायला आलेय, मग मालक आले आणि हसत हसत दिलं. पण रिकाम्यात काय काय सापडतं ते विचारू नका, सिगारेटचं थोटूक, लिंबाची फोड, बुरशीचा हिरवा गालिचा. बुरशी तळाला घट्ट बसली असेल तर उगाच झटू नका, तशी बाटली बाजूला काढा. माझं मत, भरलेलंच घ्या, आणि प्यायल्यावर लगेच, झोपायच्या आधी, गरम पाण्याने दोनदा खळखळून उलटी करून ठेवा. एवढं केलं तर नंतर ब्रश लागतच नाही. रात्रभर तळाला दोन थेंब राहिले की सकाळी ते चिकटतात, आणि आठवड्याने त्यावर जे उगवतं ते काढायला अर्धा रविवार जातो.

लेबलं: जर्मन मेहरवेगच्या, म्हणजे परत परत भरायच्या, बाटल्यांची लेबलं ब्रुअरीतही धुवूनच निघायची असतात, त्यामुळे टबमध्ये गरम पाणी आणि धुण्याचा सोडा टाकून तासभर ठेवलं की बहुतेक आपोआप तरंगतात. मानेवर चंदेरी फॉइल असेल तर आधी हाताने सोलून काढा, ॲल्युमिनियम आणि सोड्याचं जमत नाही, बुडबुडे येतात. लेबल काढावंच असंही काही नाही, पण मग मित्रांना बाटली दिली की ते आधी लेबल वाचतात आणि नंतर माझ्याशी वाद घालतात.

क्राउन कॅपवाली बाटली भरायच्या आधी ओठावरून अंगठ्याचं नख गोल फिरवा. कुठे अडकलं तर टवका उडालाय, कॅप बसेल पण हवा धरणार नाही. खांद्याभोवती आणि बुडाशी पांढरट घासल्याचे पट्टे दिसतात ते म्हाताऱ्या बाटलीचे, या बाटल्या पन्नास वेळांपर्यंत भरल्या जातात असं म्हणतात, पट्टे दिसले म्हणून लगेच टाकायची नाही, पण पट्टा जाड आणि खरखरीत असेल तर जास्त वायूच्या बीअरला ती वापरू नका. आणि आट्यांवर फिरवून उघडायची झाकणं इकडे काही छोट्या मिक्स बीअरना असतात, तिच्या मानेवर आटे असतात, त्यावर साधी कॅप भरवशाची बसत नाही. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना याचा त्रास जास्त, तिथे अशा बाटल्या बऱ्याच, त्यांनी ओपनरने उघडणाऱ्याच जमवाव्यात.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: ६५० मिलीची तपकिरी बाटली भंगारवाल्याकडे मिळेल हो, पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बीअर बनवणं त्यात बसत नाही, तेव्हा मला इनबॉक्समध्ये रेसिपी मागू नका. जर्मनीत चालतं, २०२४ पासून वर्षाला ५०० लिटरपर्यंत कर नाही, फक्त कस्टम्सच्या ऑफिसला आधी कळवायचं.

बाटल्या ठेवून घेणं कायदेशीर आहे का, हा प्रश्न मला दर वेळी येतो. जर्मनीच्या फेडरल कोर्टाने २००७ मध्ये याचा निकाल दिलाय: सगळ्या ब्रुअऱ्या वापरतात ती सरसकट बाटली घेतली की ती तुमची, पण काचेवरच ब्रुअरीचं नाव किंवा चिन्ह उठावाने कोरलेलं असेल तर फांड भरूनही ती ब्रुअरीचीच राहते. त्यामुळे कोरीव नाव असलेल्या मी भरून भरून वापरत नाही, पिऊन परत. आणि साध्या बाटल्यांचाही साठा करू नका. नवी बाटली ब्रुअरीला आठ सेंटला पडत नाही, बरीच जास्त पडते, त्यामुळे आपल्या तळघरात बसलेली प्रत्येक बाटली त्यांच्या खिशातून जाते. २०१८ च्या उन्हाळ्यात इकडे बाटल्यांची एवढी टंचाई झाली होती की बोखुमच्या मोरिट्स फीगे ब्रुअरीने लोकांना सुट्टीवर जायच्या आधी रिकाम्या बाटल्या परत आणा म्हणून सांगितलं होतं, त्यांच्याही ब्यूगलच. मी दोन क्रेट कायमचे ठेवलेत, एक युरो बाटल्यांचं, एक ब्यूगलचं, वीस लिटरची एक खेप त्यात बरोबर मावते, आणि त्याहून जास्त केलं तर कोणाला तरी वाटून टाकावं लागतं म्हणून करत नाही. घर बदलायची वेळ आली की दोन्ही क्रेट मशीनमध्ये सरकवायचे. लेबल नसलं तरी मशीन बाटली आकारावरून ओळखतं, फक्त ब्यूगलची कडी जागेवर पाहिजे, नाहीतर पंधरा सेंट विसरा.