ख्याल ऐकणाऱ्यांसाठी डॅक: आरएमई, कॉर्ड आणि डेनाफ्रिप्स

लाख-दोन लाखांचा डॅक, म्हणजे डिजिटल संगीत अँप्लिफायरला चालेल असं करून देणारं यंत्र, घ्यावा का, आणि घ्यायचाच तर कोणता, हे मला क्लासच्या पालकांकडून सारखं विचारलं जातं. मी इंदुरात लोकमान्य नगरला गाणं शिकवते. माझं ऐकणं बहुतेक ख्याल, ठुमरी आणि नाट्यसंगीत. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते हे संगीत घरच्या खोलीत, घरच्या आवाजात ऐकणाऱ्यांसाठी आहे.

तुलना तीन यंत्रांची. आरएमईचा एडीआय-2 डॅक एफएस माझा स्वतःचा. डेनाफ्रिप्सचा पोंटस 2 माझ्या धाकट्या दिरांचा, ते राजेंद्र नगरला राहतात. कॉर्डचा क्यूटेस्ट एका विद्यार्थिनीच्या बाबांचा. त्यांनी तो विश्वासाने आमच्याकडे ठेवू दिला, त्यांचे आभार. तिन्ही बरेच दिवस एकाच ओट्यावर, एकाच अँप्लिफायरला जोडून ऐकले.

डॅकचं काम एकच. फाइलमधले किंवा सीडीवरचे आकडे घ्यायचे आणि अँप्लिफायरला चालेल असा विजेचा चढउतार करून द्यायचा. सीडी 1982 मध्ये आली तेव्हाच ठरलं की सेकंदाला 44,100 नमुने असतील आणि प्रत्येक नमुना 16 बिटांचा, म्हणजे 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसेल. त्या पायऱ्यांवरून पुन्हा सलग सूर कसा काढायचा, इथे या तिघांच्या वाटा वेगळ्या होतात.

पोंटसमध्ये रेझिस्टरांची शिडी आहे. दोनच किमतींचे रेझिस्टर, एक दुसऱ्याच्या दुप्पट, ओळीने लावलेले. प्रत्येक बिट आपापल्या पायरीचा विद्युतदाब जोडतो आणि बेरीज बाहेर येते. दिसायला सरळ, पण सगळ्यात वरच्या बिटाचा रेझिस्टर जरासा जरी चुकला तरी खालच्या बारीक पायऱ्या त्या चुकीत बुडून जातात. म्हणून हे काम नेटकं करायला खर्च येतो. क्यूटेस्टमध्ये बाजारात मिळणारी डॅक चिप नाहीच. कॉर्डसाठी काम करणारे रॉब वॉट्स एका एफपीजीए चिपमध्ये स्वतःचा फिल्टर लिहितात, आणि क्यूटेस्टमधला फिल्टर 49,152 टॅप्सचा आहे, म्हणजे बाहेर पडणारा एकेक बिंदू ठरवताना हजारो गुणाकार होतात. आरएमई मात्र तयार डेल्टा-सिग्मा चिप वापरते. पायऱ्या थोड्या, पण वेग प्रचंड, आणि त्यातून होणारा खरखराट कानाला न कळणाऱ्या वरच्या पट्ट्यात ढकलून दिलेला.

जुना आरएमई घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ऑक्टोबर 2020 मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएमच्या चिप कारखान्याला आग लागली आणि बऱ्याच कंपन्यांना चिप बदलावी लागली. आरएमईने याच मॉडेलमध्ये पुढे ईएसएस या दुसऱ्या कंपनीची चिप घातली. बाहेरून डबा तोच, पण आत काय आहे ते विकणाऱ्याला विचारून घ्यावं.

आता ऐकण्याकडे. तुलना सुरू करायच्या आधी भावजींनी एक अट घातली, "वहिनी, आधी तिन्हींचा आवाज मोजून सारखा करू, मगच बोलू." आणि तेच बरोबर होतं. नुसती तार काढून दुसऱ्यात घातली, तर जो किंचित मोठा वाजतो तो भरदार, मोकळा, अधिक खरा वाटतो. अर्ध्या डेसिबलचा फरक कानाला मोठा आवाज म्हणून कळत नाही, चांगला आवाज म्हणून कळतो. दुकानातल्या निम्म्याअधिक तुलना इथेच निकालात निघतात. भावजींनी 100 हर्ट्झचा सलग सूर लावला, स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर धरला आणि तिन्हींचं व्होल्टेज एक टक्क्याच्या आत आणून ठेवलं. एक टक्का म्हणजे डेसिबलच्या दहाव्या हिश्शाहून कमी. मग मी पाठ करून बसायचे आणि ते तारा बदलायचे.

पहिली परीक्षा माझ्याच तंबोऱ्याची. माझी पट्टी काळी चार, त्यामुळे खर्जाची तार 104 हर्ट्झच्या आसपास लागते. तंबोरा चांगला जुळवून, दोरा नीट बसवून, 24 बिट 96 किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 96 हजार नमुने घेऊन, त्याचं ध्वनिमुद्रण केलं. मग तोच तंबोरा मांडीवर घेऊन स्पीकरच्या शेजारी बसले. एक आवर्तन मी छेडायचं, एक स्पीकरने. खर्जातून जो स्वयंभू गंधार निघतो तो 520 हर्ट्झच्या जवळ, आणि तो तिन्हींमध्ये लख्ख होता. पण तो कुठल्याही बऱ्या यंत्रात ऐकू येतोच, त्यावरून भाव ठरवता येत नाही. खरी परीक्षा जवारीची. तार छेडल्यावर लगेच नव्हे, क्षणभराने वरचे सूर एकामागून एक उमलत येतात, आणि मग तसेच उतरत विरतात. ती उमलण्याची क्रिया हजारो हर्ट्झपर्यंत जाते. ध्वनिमुद्रण किंवा यंत्र वरचे सूर नीट देत नसेल तर जवारी नुसती झणझण होऊन बसते.

तिन्हींनी ती उमलून दाखवली. आवाज सारखा केल्यावर आरएमई आणि क्यूटेस्ट मला पाठ करून ओळखता येईनात. भावजींनाही नाही. इतकी वर्षं कान तयार करण्यात घालवल्यावर हे मी जबाबदारीने लिहिते आहे: तंबोऱ्यावर या दोघांत मला फरक सापडला नाही.

पोंटसचं वेगळं, कारण त्यात दोन रीती आहेत. ओव्हरसँपलिंग, म्हणजे दोन नमुन्यांच्या मधले बिंदू गणिताने भरणं, चालू ठेवलं की तोही या दोघांच्या पंक्तीत येऊन बसतो. ते बंद केलं, म्हणजे नमुने जसे आले तसे पायऱ्यांनी बाहेर सोडले, की सीडीच्या ध्वनिमुद्रणात फरक कळतो. त्याचं कारण गणितात आहे. 44,100 नमुन्यांच्या सुरात ही रीत 10 हजार हर्ट्झला पाऊण डेसिबल आणि 20 हजारांपाशी सुमारे 3 डेसिबल खाते. माझ्या 96 किलोहर्ट्झच्या तंबोऱ्यावर तेच नुकसान 20 हजारांनाही पाऊण डेसिबलपेक्षा कमी, म्हणून तिथे फरक जवळजवळ नाहीसा झाला. माझ्या वयाला अगदी वरचं ऐकू येत नाही, पण माझ्या दोन मोठ्या विद्यार्थिनींनी सीडीवर तबल्याच्या चाटेवरचा 'ना' पोंटसच्या या रीतीत किंचित बोथट आहे असं आपणहून सांगितलं.

आणि तरीही हीच रीत मला जुन्या हार्मोनियमवर आवडली. साठ-सत्तरच्या दशकातल्या कितीतरी ध्वनिमुद्रणांमध्ये पेटी गायकाच्या आवाजावर चढून बसते, वरच्या सप्तकात टोचते. ओव्हरसँपलिंग बंद केल्यावर ती टोच थोडी उतरते आणि गायक पुढे येतो. हे अधिक अचूक आहे असं मी म्हणणार नाही. ते कानाला सुखाचं आहे, आणि दोन-दोन तास ऐकणाऱ्याला त्याची किंमत कळते.

इंदुरात बसून हे लिहिताना इंदूर घराण्याच्या अमीर खाँसाहेबांवर ऐकलं नाही असं कसं होईल? अतिविलंबित झूमरा, चौदा मात्रांचं ते लांबच लांब आवर्तन, आणि खर्जात सावकाश उतरणारा तो आवाज. दोन वाक्यांच्या मधे ते थांबतात तेव्हा तंबोरा आणि खोलीची आस तेवढी उरते. महागडा डॅक इथे काहीतरी अद्भुत उघडून दाखवतो असं विक्रेते सांगतात. मी त्या थांबण्यांवर कान लावून बसले. जे ऐकू येतं ते मूळ टेपचं श्वसन, सलग बारीक सळसळ. सीडीचा आवाका 96 डेसिबलचा, आजचे चांगले डॅक 110 ते 120 डेसिबलपर्यंत जातात, आणि त्या काळची टेप त्याच्या कितीतरी खाली थांबते. टेपच्या सळसळीखाली जे बुडालं आहे ते कुठलंही यंत्र वर काढू शकत नाही. खाँसाहेबांच्या बाबतीत तिन्ही यंत्रं सारखीच विनम्र राहिली, आणि तीच त्यांची खरी कामगिरी.

मग मी आरएमई का घेतला? सूर उमटवण्यात तो बाकीच्या दोघांना हरवतो म्हणून नव्हे. माझ्या घरात जे रोज लागतं ते त्याच्याकडे आहे म्हणून.

मी पहाटे पाचला रियाझाला बसते आणि त्याआधी अर्धा तास ऐकते. शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच. आवाज खाली ठेवावाच लागतो, आणि आवाज खाली गेला की आधी खर्ज आणि डग्गा नाहीसे होतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये मोजून दाखवलं की हळू आवाजात आपला कान खालच्या सुरांना बराच बहिरा होतो. आरएमईमध्ये लाउडनेसची सोय आहे. आवाज जसजसा उतरवाल तसतसा खालचा आणि वरचा पट्टा तो हळूहळू उचलून देतो, आणि आवाज वाढवला की हात काढून घेतो. किती उचलायचं ते आपण ठरवायचं. पहाटे, भिंतीपलीकडे जाणार नाही अशा आवाजात, डग्ग्याचा घुमारा पहिल्यांदा नीट ऐकू आला तेव्हा माझा निर्णय झाला. तीन डॅकमधल्या इतर सगळ्या फरकांची बेरीज केली तरी ती एवढी भरत नाही.

दुसरी सोय पाच पट्ट्यांच्या इक्वलायझरची, म्हणजे सुरांचा एखादाच पट्टा वेगळा चढवता-उतरवता येतो. आमची बैठकीची खोली 12 बाय 14, खाली कोटा फरशी. स्पीकर लावले त्या जागी 80 हर्ट्झच्या आसपास डग्गा फुगून यायचा, आणि घिस्सा, म्हणजे डग्ग्यावर मनगट घासून काढलेली मींड, घेतला की एकच सूर घुमत राहायचा. त्या एका जागी 5 डेसिबल उतरवले आणि डग्ग्याला बोटं फुटली. मुली क्लासला येतात तेव्हा सतरंजी अंथरलेली असते, नंतर गुंडाळून ठेवतो. सतरंजी असताना आणि नसताना जेवढा फरक पडतो तेवढा या तिन्ही डॅकमध्ये मिळून पडत नाही. क्यूटेस्ट किंवा पोंटसमध्ये आवाज कमीजास्त करायची सोय नाही, इक्वलायझर नाही, रिमोट नाही. आरएमईला रिमोट आहे, हेडफोनची सोयही चांगली आहे, आणि छोट्या पडद्यावर कुठला पट्टा किती वाजतो आहे ते दिसतं. एखादी मुलगी 'आ'कार आणि 'ए'कार लावते तेव्हा वरचे सूर कसे बदलतात ते मी तिथे दाखवते. मेन्यू मात्र गुंतागुंतीचा आहे. पहिले काही दिवस पुस्तिका शेजारी लागतेच.

क्यूटेस्टबद्दल अन्याय नको. तळहातात मावेल एवढा, घडण सुरेख, आणि चार फिल्टरांमध्ये 'वॉर्म' लावला की पोंटससारखीच थोडी मऊ बाजू मिळते. अँप्लिफायरकडे जायला त्याला साध्या आरसीएच्याच जोडण्या आहेत, तीन पिनांच्या बॅलन्स्ड नाहीत, तेवढं आपला अँप्लिफायर बघून ठरवावं. रंगीत दिवे कुठला फिल्टर, कुठला वेग ते सांगतात. त्यांची सवय व्हायला वेळ लागतो.

तारांचं थोडक्यात. एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याने वीस हजारांची यूएसबी तार घेतल्याशिवाय डॅकचा उपयोगच नाही असं मला ठासून सांगितलं होतं. मला त्याचा अजून राग आहे, कारण माझ्या जागी एखादी नवी श्रोती असती तर तिने ते पैसे मोजले असते. या तिन्ही डॅकमध्ये वेळेचा ठोका डॅक स्वतः ठेवतो, लॅपटॉप नाही. यूएसबीची खरी अडचण दुसरीच असते. लॅपटॉपचा चार्जर लावला की 50 हर्ट्झची गुणगुण आणि तिच्यावरची किरकिर अर्थिंगच्या वाटेने अँप्लिफायरमध्ये उतरते. मी जेल रोडवरून साधी ऑप्टिकल तार आणली. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे गुणगुण त्याच क्षणी थांबली.

कोणी काय घ्यावं? ज्यांच्याकडे आवाज कमीजास्त करणारा चांगला प्रीअँप आहे, खोली मोठी आहे आणि जुन्या सीडींचा साठा आहे, त्यांना पोंटस सुख देईल. भावजींनी तो ठेवला आहे आणि त्यांच्या घरी तो शोभतो. फक्त आठ किलोंच्या वरचं धूड आहे, बिघडलं तर इंदुरातून बाहेरगावी पाठवावं लागेल हे धरून चाला. जागा कमी आणि जोडणी साधी असेल तर क्यूटेस्ट. फ्लॅटमध्ये, हळू आवाजात, रोज ऐकणाऱ्यांना मी आरएमईच सांगेन. आणि स्पीकर अजून साधेच असतील तर हे पैसे आधी त्यांच्यावर घाला. दहा-बारा हजारांचा बरा डॅक तेवढ्यापुरता पुरेसा आहे.