एकटीनं तापास खायचं असेल तर काउंटरच पकडा
नागपूरहून स्पेनला एकटीच गेली होती, टेन्शन एकच की तापास म्हणजे तिथल्या छोट्या छोट्या डिश, चार जणांनी मिळून खायची गोष्ट, आपलं कसं होणार. सेव्हियात पहिल्याच रात्री एका रेस्टॉरंटात टेबलवर बसली तर म्हणे इथे फक्त मोठी प्लेट मिळेल, रासिओन म्हणतात तिला, अर्धी वाया गेली, लई वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सरळ बारच्या काउंटरला उभी राहिली, आपण तर्री पोह्याच्या ठेल्यावर राहतो ना तशी, आणि सगळं जमलं! पालक-चण्याची छोटी वाटी आली, जिऱ्याचा वास, कडेनं तेल सुटलेलं, पावानं पुसूनपुसून खाल्ली, आईची भाजी आठवली बाप्पा. ग्रानादा शहरात तर ड्रिंकसोबत एक तापा फुकट येतो, तीन बार फिरले की जेवणच झालं. व्हेजवाल्यांनी साल्मोरेखो (थंड, घट्ट सूप) मागवताना आधी सांगा, टोमॅटोचं असलं तरी वरून खामोन म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे आणि अंडं टाकतात. आणि रात्री 8 च्या आधी बहुतेक ठिकाणी किचन सुरूच होत नाही, त्यामुळे दुपारी नीट जेवून घ्या.