उत्तरेच्या खिडकीतली तुळस: घरी जोडलेल्या एलईडी दिव्याचे अकरा महिने

वाडा पाडून इमारत झाली आणि आमच्या वाट्याला पहिल्या मजल्यावरचं उत्तरेकडचं घर आलं. समोर दहा फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत. वाड्याच्या अंगणात आईची तुळस कमरेपर्यंत वाढायची. इथे दोन पावसाळ्यांत तीन रोपं गेली. पेरं लांबत जायची, पानं फिकट व्हायची आणि शेवटी नुसती काडी उरायची. आई दरवेळी म्हणायची, "अगं, पाणी जास्त होतंय." मी उजेड मोजणारा लक्समीटर आणला. खिडकीत भर दुपारी १,२०० लक्स भरले, आणि गच्चीवरच्या उन्हात एक लाखाच्या आसपास. रोप पाण्याने मरत नव्हतं, उपाशी मरत होतं.

पहिला दिवा मी चुकीचा बनवला. पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं, एवढंच वाचलं होतं. म्हणून तीन-तीन वॅटचे लाल-निळे एलईडी आणून एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर स्क्रूने बसवले. खोली जांभळी झाली. त्या उजेडात हिरवं पान काळं दिसतं, त्यामुळे खालची पानं पिवळी पडल्याचं मला दिवा बंद केल्यावरच कळलं. पत्रा इतका तापायचा की बोट टेकवलं की लगेच उचलावं लागे. सातव्या आठवड्यात एक लाल एलईडी गेला, आणि सगळे एकामागोमाग एकाच माळेत जोडलेले असल्यामुळे अख्खा दिवाच विझला. तो बदलला, तर चार दिवसांनी दुसरा गेला. त्यात १,९०० रुपये गेले.

मग नीट वाचायला बसले. मॅक्‌क्री नावाच्या संशोधकाने १९७२ साली २२ पिकांच्या पानांवर वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकून मोजणी प्रसिद्ध केली. हिरव्या प्रकाशावरही पानं चांगलं अन्न बनवतात, हे त्यात स्पष्ट दिसतं. वरच्या थरात लाल-निळा प्रकाश लवकर शोषला जातो, हिरवा पानात खोलवर पोचतो. म्हणजे घरातला चांगल्या प्रतीचा पांढरा एलईडी झाडाला पुरतो. खरा प्रश्न प्रकाश किती मिळतो आणि दिवा किती थंड राहतो, हा आहे. माझा दुसरा दिवा याच दोन गोष्टींवर उभा आहे.

दोन फुटी पांढऱ्या एलईडी पट्ट्या चार घेतल्या, पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पाठीवर बसवलेल्या, प्रत्येकी ३८० रुपयांना. त्या बसवून थंड ठेवायला जुन्या बाजारातून स्लायडिंग खिडकीच्या चौकटीचा जाड अ‍ॅल्युमिनियम तुकडा, म्हणजे सेक्शन, २५० रुपयांत मिळाला. पुण्याच्या तापकीर गल्लीतून १,४०० मिलिअँपिअरचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना ठरावीक करंट पुरवणारा डबा, ६५० ला. टायमर, वायर, कनेक्टर आणि उष्णता वाहून नेणारी पेस्ट धरून सगळं ३,१७० रुपयांत बसलं. प्रत्येक पट्टी ७०० मिलिअँपिअर झेपवते, मी तिला ३५० च देते. चारही मिळून ३२ वॅट होतात आणि भिंतीतल्या सॉकेटवर मोजले तर ३७. रोज चौदा तास म्हणजे महिन्याला साडेपंधरा युनिट. एप्रिलमध्येसुद्धा सेक्शनवर हात ठेवून बोलत उभं राहता येत होतं.

ड्रायव्हरबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण दुकानात पहिल्यांदा स्थिर व्होल्टेज देणारा अडॅप्टर हातात दिला होता. एलईडी तापला की त्याला लागणारा व्होल्ट कमी होतो. व्होल्टेज तेवढंच राहिलं तर करंट वाढतो, त्याने तो आणखी तापतो आणि आणखी करंट खेचतो. स्थिर करंटचा ड्रायव्हर हे चक्र सुरूच होऊ देत नाही. पण माझ्या जोडणीत त्याचीही एक खोच आहे. पट्ट्या समांतर आहेत, म्हणजे ड्रायव्हरचा करंट चौघींत वाटला जातो. डिसेंबरात एका पट्टीचा सोल्डरचा सांधा सुटला, तर तिच्या वाटचा करंट उरलेल्या तिघींनी वाटून घेतला. प्रत्येकीवर सुमारे ४६७ मिलिअँपिअर! त्या जळल्या नाहीत, कारण ७०० पर्यंतची जागा मोकळी ठेवली होती. पट्ट्या मर्यादेच्या काठावर चालवल्या असत्या, तर त्या एका सांध्यामुळे उरलेल्या तिन्ही जाऊ शकल्या असत्या. म्हणून पट्ट्या दोन कमी चालतील, पण करंट निम्म्यावर ठेवा.

पाणी आणि २३० व्होल्ट एकाच फळीवर नकोत. ड्रायव्हर मी फळीच्या बाहेर भिंतीला लावला, सेक्शनला अर्थिंग दिलं आणि हा सॉकेट घरातल्या आरसीसीबीच्या (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचच्या) लाइनवर आहे याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घेतली. हे काम तुम्हाला येत नसेल तर इलेक्ट्रिशियनलाच बोलवा.

आता झाडांबद्दल. दिवा शेंड्यापासून वीस सेंटिमीटरवर टांगला, तिथे मधोमध १५,००० लक्स आणि फळीच्या कोपऱ्यात ९,००० भरले. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला सत्तरने भागलं की झाडाच्या भाषेतला आकडा मिळतो, म्हणजे झाडाला वापरता येणारा प्रकाश दर चौरस मीटरवर दर सेकंदाला किती पडतो ते; मधोमध सुमारे २१४ मायक्रोमोल. दिवसाचे चौदा तास धरले तर दिवसाला पावणेअकरा मोल. पालेभाजीला आणि तुळशीला एवढ्यात तग धरून राहण्यापलीकडे वाढताही येतं. कोपऱ्यातल्या कुंड्या दर रविवारी मधे आणते आणि मधल्या बाहेर सरकवते.

तुळशीने पहिल्या पंधरवड्यात काहीच दाखवलं नाही. मग नवीन पेरं बोटभर अंतरावर फुटू लागली, पानं जाड झाली, कृष्ण तुळशीच्या देठांचा जांभळा रंग परत आला. एकदा मी दिवा आठ सेंटिमीटरवर आणला, तर वरची पानं पांढुरकी होऊन मुडपली. चार दिवसांत वर घेतला. पुदिना कुठेही खूश असतो. मेथी तीन-साडेतीन आठवड्यांत खुडण्याजोगी होते. मिरचीला फुलं आली, फांदी हलवून परागण करावं लागलं, तरी हाती सहाच मिरच्या आल्या. फळभाज्यांसाठी हा दिवा अपुरा आहे.

कोथिंबिरीने मात्र मला धडा दिला. सुरुवातीला हौसेने सोळा तास ठेवले होते. पाच आठवड्यांत दांडा वर गेला, पानं बडीशेपेसारखी बारीक झाली आणि फुलं आली. मोठा दिवस दिसला की ती फुलावर येते. आपल्याकडे ड्रॅगन फ्रूटच्या बागांत रात्री दिवे लावून बिगरहंगामी फळ घेतात, शेवंतीवाले दिवे लावून फूल लांबवतात, तेही झाडाच्या दिवसाची लांबी ओळखण्याच्या याच जाणिवेवर. आता कोथिंबिरीसाठी वेगळी लहान पट्टी आहे आणि ती बारा तास चालते.

फिरत्या चकतीच्या यांत्रिक टायमरने वेगळाच घोळ केला. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, आणि तेवढा वेळ त्याची चकतीही थांबते. दोन महिन्यांत दिवा रात्री एक वाजता लागू लागला. आईची झोप मोडली तेव्हा लक्षात आलं. आतल्या बॅटरीवर वेळ सांभाळणारा डिजिटल टायमर घ्या, शंभर-दीडशे रुपये जास्त पडतात.

मातीचा वरचा थर सतत ओला राहिला की बारीक चिलटं होतात. बंद घरात हा त्रास अंगणापेक्षा जास्त. मी वरचा एक इंच कोरडा झाल्याशिवाय पाणी घालत नाही. पट्ट्यांवर धूळ बसते. गेल्या आठवड्यात मोजलं तर मधोमध १३,००० च आले, दिवा बंद करून ओलसर फडक्याने पुसल्यावर १४,१००. सुरुवातीच्या १५,००० वरून अकरा महिन्यांत खरी घट एवढीच.

कार्तिकात तुळशीचं लग्न याच कुंडीशी लागलं. मंजिऱ्या आल्या होत्या. आईने दिवा त्या संध्याकाळी बंद करायला लावला, निरांजनाच्या उजेडात अंतरपाट धरला, आणि मंगलाष्टकं संपल्यावर स्वतःच जाऊन बटण लावलं. "तिचे तास भरायचेत अजून," म्हणाली. त्या मंजिऱ्यांचं बी तिने पुडीत बांधून ठेवलं होतं. मे महिन्यात पेरलं, त्यातली अकरा रोपं आज दुसऱ्या फळीवर आहेत, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दोन मागितली आहेत.