१९६७ची पॉन्टिॲक जीटीओ : अख्खा मोसम चालवल्यानंतर

हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ एप्रिलच्या पावसाने धुऊन निघालं तशी गाडी बाहेर काढली, ती ऑक्टोबर संपेपर्यंत चालवली. इथे मिशिगनमध्ये ऑफिसला नेली, किराणा आणायला नेली, आणि डेट्रॉइटहून निघणाऱ्या वुडवर्ड ॲव्हेन्यू या रस्त्यावर तर नेलीच नेली. नुसती पुसून प्रदर्शनात उभी करायला ही गाडी घेऊ नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

इंजिन ४०० क्युबिक इंचांचं, म्हणजे साधारण ६.६ लिटरचं व्ही-८. वर चार बॅरलचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. हॉर्सपॉवर ३३५, पण हा आकडा आजच्या गाड्यांशी ताडून बघू नका. त्या काळी इंजिन स्टँडवर चढवून, गाडीतल्या सायलेन्सरचं वगैरे ओझं न लावता ताकद मोजायचे. चाकांपर्यंत पोचते ती बरीच कमी. खरी मजा टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोरात आहे. ३४०० आरपीएमलाच ४४१ पाउंड-फूट! तिसऱ्या गिअरमध्ये ताशी तीस मैलांनी रमतगमत चाललोय आणि पाय थोडा दाबला, की गिअर न बदलताच गाडी पाठीला रेटा देऊन सुटते. सिग्नलवरून टायर जाळत निघण्यापेक्षा मला हे जास्त आवडतं.

टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा, बॉनेटवर आहे, काचेच्या बाहेर. हा पर्याय १९६७लाच आला. रस्त्यावरची नजर न काढता काटा दिसतो. फक्त पावसानंतर आतून धुकं धरतं आणि दुपारपर्यंत तसंच राहतं.

थंड इंजिन चालू करायची रीत पहिल्या आठवड्यात अंगवळणी पडली. ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडायचा, म्हणजे चोक बंद होतो, मग किल्ली. इंजिन तापलेलं असताना उलट : पेट्रोल भरून पाच-दहा मिनिटांनी परत आलात तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उष्णतेने उकळलेलं असतं. तेव्हा पंप करायचं नाही. पेडल अर्ध्यावर धरून ठेवायचं आणि स्टार्टर फिरू द्यायचा. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे हा त्रास वाढतो, आणि जुने रबरी पाइप त्याने मऊ पडतात. ते सगळे बदलून घ्या, यात काटकसर नको. कॉम्प्रेशन १०.७५ इतकं जास्त असल्यामुळे मी ९३ ऑक्टेनचं, म्हणजे वरच्या प्रतीचं पेट्रोलच घालतो. मायलेज लिटरला चार-पाच किलोमीटर. तेल जस्ताचं प्रमाण जास्त असलेलंच लागतं, नाहीतर सपाट टॅपेटखाली कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा झिजतो.

आता ब्रेक. चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम, आणि गाडी दीड टनाहून जड. एकदा जोरात दाबले तर थांबते; उतारावर लागोपाठ दोन-तीनदा दाबले की ड्रम तापतात आणि पेडलखाली काही उरतच नाही. त्या काळच्या मोठ्या गाड्यांचं हे सर्रास दुखणं. आई सुट्टीला आली होती, ती बसल्या बसल्या म्हणाली, "अरे, पट्टा नुसता कमरेलाच?" तिला घेऊन मी हायवेवर गेलो नाही. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवतो. मधे कोणीतरी घुसतंच, मग पुन्हा मागे राहायचं.

या गाडीचा जन्मच नियमाला बगल देऊन झाला. पॉन्टिॲक ज्या जनरल मोटर्सची, तिने मध्यम आकाराच्या गाड्यांच्या इंजिनाला ३३० क्युबिक इंचांची मर्यादा घातली होती. पॉन्टिॲकचे मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ला ३८९चं इंजिन पॉन्टिॲकच्याच टेम्पेस्ट या मध्यम गाडीत बसवलं, तेही जादा पर्यायांचं पॅकेज म्हणून. ती मर्यादा नव्या मॉडेलला होती, पर्यायाला नव्हती. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. वुडवर्ड उत्तरेला जिथे संपतो त्या पॉन्टिॲक शहरातच पॉन्टिॲक गाड्यांचा मुख्य कारखाना होता. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला त्याच रस्त्यावर या गाड्यांची रांग लागते तेव्हा मला खरंच भरून येतं.

मिशिगनमध्ये जुन्या गाडीला 'हिस्टॉरिक' नंबरप्लेट मिळते, पण ऑगस्ट सोडला तर तिच्यावर फक्त मेळावे, मिरवणुका असंच फिरता येतं. रोज वापरायची असेल तर साधी प्लेट घ्या.

घेणार असाल तर दोन गोष्टी तपासा. १९६६ आणि १९६७च्या अस्सल जीटीओचा चासी नंबर २४२ने सुरू होतो. नाहीतर ती जीटीओसारखी सजवलेली टेम्पेस्ट किंवा तिचीच बहीण लेमान्स. दुसरं, डिकीतली चटई उचलून टॉर्च मारा. मागच्या काचेच्या पट्टीखालून पाणी झिरपतं आणि डिकीचा पत्रा खालून सडतो. वरचा रंग कितीही चकाकला तरी हे लपत नाही.

इंजिनावर खर्च करायचा मोह होतो, पण पैसे आधी ब्रेकवर घाला. १९६७ला पुढचे डिस्क ब्रेक पर्याय म्हणून मिळायचे, त्यामुळे त्याच जातीचे सुटे भाग आजही बसतात. माझे आले आहेत, या हिवाळ्यात गॅरेजमध्ये तेच काम.