साधी ममरी, वेगळे मसाले: रविवार कारंजाजवळच्या सुट्या चहाच्या दुकानाबद्दल

निफाड तालुक्यात द्राक्षबाग असलेल्या घरात डिसेंबर-जानेवारीत चहा किती लागतो, हे बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर आला की आमच्याकडे मण्यांना तडे जाण्याची भीती सुरू होते. मग पहाटे तीनला उठून ठिबक चालू करायचं, बांधाबांधाने शेकोट्या पेटवायच्या. घरात आम्ही चौघं, बागेत सहा-सात मजूर. म्हणून यंदा मी ठरवलं की जवळच्या किराणा दुकानातून जे पाकीट मिळेल ते आणायचं नाही, नाशिकला जाऊन नीट चहा बघून घ्यायचा.

रविवार कारंजाच्या बाजूला गल्लीत सुट्या चहाचं एक जुनं दुकान आहे. आत पत्र्याचे मोठे डबे, समोर तराजू, आणि गल्ल्यावर साठीचे एक काका. मी "अर्धा किलो चांगला चहा द्या" म्हटलं, तर त्यांनी डब्याला हातच लावला नाही. आधी विचारलं, "ताई, दूध म्हशीचं की गाईचं? आणि एका वेळी किती कपांचं आधण ठेवता?" इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे म्हैस आहे. दाट दुधात हलका चहा हरवतो, म्हणून त्यांनी आसामची जाड दाण्याची ममरी दोन भाग आणि बारीक डस्ट एक भाग असं मिश्रण करून दिलं. डस्टने रंग पटकन येतो, चव ममरीची लागते. दोन्ही तळहातावर घेऊन वेगवेगळे हुंगायला लावले. अर्धा किलोचे २३० रुपये झाले. त्या पैशांत हा चहा मला अतिशय आवडला. कडक आहे, पण जिभेवर तुरटपणा रेंगाळत नाही. पहिल्या खेपेनंतर मी दोनदा तोच नेला आणि तिन्ही वेळा चव सारखी निघाली.

त्याच दुकानातून मी वेलचीच्या स्वादाचा तयार चहा आणि काकांच्याच घरचा चहा मसालाही घेतला होता. तयार वेलची चहाचं पाकीट उघडलं की घरभर वास सुटतो, कपात मात्र तो उतरत नाही. शेवटच्या घोटाला औषधासारखी कडवट चव येते. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशीच "मला साधाच दे" म्हणून सांगितलं. मसाला पहिले आठ दिवस फार सुंदर होता. तिसऱ्या आठवड्यात त्यातली वेलची आणि दालचिनी उडून गेली, नुसता मिऱ्यांचा ठसका उरला. मी हे काकांना पुढच्या खेपेला सरळ सांगितलं. त्यांना राग आला नाही. म्हणाले, "कुटलेला मसाला पंधरा दिवसांपुरताच न्यायचा, ताई. तुम्ही सगळं अख्खंच न्या." तेव्हापासून मी साधी ममरी नेते आणि मसाले अख्खे, वेगवेगळे. माझ्या मते या दुकानात जायचं ते यासाठीच.

आता कोणता मसाला कुठे चालला ते सांगते. सगळ्यात जास्त उपयोगी पडली सुंठ, आणि तीही दुधाच्या चहात नव्हे. पहाटेचा चहा बागेत थर्मासमधून जातो. सुरुवातीला मी दुधाचा चहा भरून द्यायचे. दोन तासांनी झाकण उघडलं की त्याला कोंदट वास यायचा, वर सायीचा थर धरलेला असायचा, आणि हे अर्धा कप पिऊन बाकीचा बांधावर ओतून द्यायचे. मग मी कोरा चहा सुरू केला. सहा कप पाण्यात चमचाभर सुंठ, चार मिरे आणि दोन लवंगा ठेचून टाकायच्या. पाणी पाच-सात मिनिटं चांगलं खळखळू द्यायचं. नंतर तीन लहान चमचे ममरी, एक उकळी, गॅस बंद, आणि मग गूळ. थर्मासमध्ये ओतण्याआधी फडक्यातून गच्च गाळायचा, पत्तीचा चुरासुद्धा जाऊ द्यायचा नाही, नाहीतर आत तो झिरपत राहतो आणि चहा कडू होतो. हा चहा पहाटे तीनला भरलेला सहालाही कढत आणि चवीला तसाच असतो. मजूर बायका आता तो नसला तर विचारतात. बोटं बधिर झालेली असताना स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरून त्या शेकोटीजवळ उभ्या राहतात, पहिला घोट घशाखाली गेला की छातीत ऊब पसरते.

सुंठच का, ओलं आलं का नाही, हे माझ्या मुलीने समजावलं. ती पुण्यात बी.फार्म.ला आहे. आल्यातलं जिंजेरॉल वाळताना शोगॉलमध्ये बदलतं आणि ते जास्त तिखट असतं, म्हणून चिमूटभर सुंठ आल्याच्या मोठ्या तुकड्याला भारी पडते. दुधाच्या चहात मात्र मला आलंच हवं, त्याचा ताजेपणा सुंठीला नाही. ते पाण्यात घालून आधी चांगलं उकळायचं. कच्च्या आल्यात दूध फाडणारं एन्झाइम असतं, उकळत्या पाण्यात ते निकामी होतं. माझा चहा का फाटायचा ते मला लग्नानंतर वीस वर्षांनी कळलं.

वेलदोडे काकांकडे दोन आकारांचे होते. मी मोठे, हिरवेगार घेतले, ५० ग्रॅमला १९० रुपये. महाग वाटले, पण सहा कपांना तीन पुरतात. मुलगी पुण्यात अमृततुल्यचा चहा पिते, तिथे पितळी पातेल्यात चहा उकळत असताना वेलची तिथल्या तिथे कुटतात. तिचं ऐकून मीही आता खलबत्ता गॅसशेजारीच ठेवते आणि वेलची अगदी शेवटी, दूध वर यायच्या बेतात असताना टाकते. आधीपासून पाण्यात उकळली तर वास सगळा वाफेबरोबर जातो. सालं फेकत नाही, साखरेच्या डब्यात टाकते.

गवती चहा दुकानात वाळवलेला मिळतो, तो घेऊ नका. त्याला वाळलेल्या गवताचा वास असतो. आमच्याकडे मोरीच्या पाण्यावर त्याचा मोठा ठोंब आहे. थंडीत वाढ मंदावते, टोकं तांबूस पडतात, पण बुडाकडचा पांढरट भाग तितकाच सुगंधी राहतो. पानांच्या कडा धारदार असतात, उलट्या बाजूने हात फिरवला तर बोट कापतं. तीन पानांची गाठ मारून उकळत्या पाण्यात टाकायची, दोन मिनिटांत झाकण ठेवून बंद करायचं. सासूबाईंचा सकाळी नऊचा चहा हाच. त्यात त्या दुसरा कुठलाच मसाला घालू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. वेलची घातली की दोन्ही वास एकमेकांना मारतात.

दालचिनी मी कोकणातली मागितली, पातळ सालीची. गुळाच्या चहात ती छान लागते. जायफळ फक्त रात्री, तेही नखभर.

काकांनी एकदा काश्मिरी काहवाची पुडी चव बघायला म्हणून दिली. हिरवा चहा, केशर, दालचिनी, वेलची, वरून बदामाचे काप. "हा उकळायचा नाही, कढत पाण्यात भिजवायचा," असं त्यांनी दोनदा बजावलं. पाहुणे आले तेव्हा केला, सगळ्यांना आवडला. रोज मात्र तो परवडणारा नाही, आणि बाजरीच्या भाकरीनंतर आम्हाला दुधाचा चहाच लागतो.

दुकानाबद्दल दोन तक्रारी आहेत. चहा कागदी पुडीत बांधून देतात, आमच्यासारख्या एसटीने येणाऱ्यांच्या पिशवीत ती फुटते आणि घरी पोचेपर्यंत पत्तीला पिशवीतल्या कांद्याचा वास लागतो. मी आता घरून घट्ट झाकणाचा डबा नेते. दुसरं, दुपारी एक ते चार दुकान बंद असतं आणि बाहेर तशी पाटी नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा तीन तास कारंजावर बसून काढले होते.

संक्रांतीच्या आधी पुन्हा जायचंय. यादीत एक किलो ममरी आहे, सुंठ पाव किलो, आणि सासूबाईंनी या वेळी स्वतः सांगितलं म्हणून काहवाची एक पुडी.